विळी थांबली

कंट्रोलर गेल्यावर वाचनालयाने त्यांच्यावर एक अंक काढला. मी तो दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना वाटलं, दुसऱ्याच कोणाचा अंक चुकून माझ्या हातात दिलाय. एकाने लिहिलंय, ते प्रेमळ होते. एका बाईंनी लिहिलंय, त्यांचं हसू लहान मुलासारखं निर्मळ होतं. मी त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत एकोणीस वर्षं भाड्याने राहिले. एकोणीस वर्षांत ते हसलेले मी तीनदा बघितले. त्यातले दोनदा मी पावसाळ्यात शेवाळावरून घसरले होते म्हणून.

तिसऱ्या एका शहाण्याने लिहिलंय की, ते आपल्या परीक्षणांच्या शेवटी विळी चालू, विळी थांबली असं जे लिहीत, ते रूपक होतं, आणि विळी म्हणजे काळ. काळ कसला डोंबलाचा? माझी विळी होती ती. फणसाच्या लाकडाचा पाट, पात्याला टोकाशी एक खांडा. अजून आहे. ज्याला बघायची असेल त्याने येऊन बघावी.

आणि शेवटच्या पानावर लिहिलंय की, अखेरीला त्यांचा तोल गेला होता आणि एका कार्यक्रमात ते असंबद्ध बोलले. ते वाचलं आणि मी लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतच. पण असंबद्ध म्हणजे काय ते मला कळतं, आणि त्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत बसले होते.

ते एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते, म्हणून सगळे त्यांना कंट्रोलर म्हणायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका दिवाळी अंकात भुताची एक गोष्ट वाचली. रात्री बारा वाजता शेवटची एसटी एका माणसाला ओसाड फाट्यावर उतरवते, आणि मागे वळून बघतो तर कंडक्टरला डोकंच नाही. कंट्रोलरांनी संपादकाला पत्र लिहिलं. त्या रस्त्यावरची शेवटची गाडी साडेनऊला डेपोत लागते, ती बाराला उतारू कुठून सोडते? आणि माझ्या हाताखालच्या एकाही कंडक्टरने उतारूला रानात टाकलेलं नाही. डोकं असो वा नसो. संपादकाने गंमत म्हणून ते छापलं. लोकांना आवडलं. पुढे एका साप्ताहिकाने त्यांच्याकडे भयकथांची पुस्तकं पाठवायला सुरुवात केली आणि ते परीक्षणं लिहू लागले. प्रेमाने नव्हे. रागाने.

त्यांच्याकडे एक लांब वही होती, डेपोतल्यासारखी आडवी आखलेली. एका रकान्यात गोष्टीचं नाव, पुढच्यात गोष्ट कितव्या पानावरून सुटली, मग भूत कितव्या पानावर आलं आणि किती पानं लेट. त्यांचं एक परीक्षण मला पाठ आहे. 'गोष्ट पहिल्या पानावरून सुटते. भूत बाराव्या पानावर लागतं. मधे लेखक चंद्र बघायला उतरला होता. विळी चालू.' संपलं परीक्षण. त्या लेखकाने घरी येऊन भांडण केलं होतं. कंट्रोलरांनी त्याला दारातच विचारलं, "चंद्र कशाला बघत होतात? उतारू खोळंबलेत ना इथे!"

एका लेखकाच्या गोष्टींचं पुस्तक असलं तर ते त्याला गाडी म्हणायचे. दहाबारा लेखकांच्या गोष्टी एकत्र बांधल्या असल्या की वडाप. जीपमध्ये जो भेटेल त्याला कोंबतात तसं. "वडाप आलं हो वहिनी," असं तोंड वाकडं करून सांगायचे, आणि मग पंधरा दिवस घरात चिडचिड.

गोष्ट वाचायची वेळ दुपारी तीन. रात्री त्यांनी कधी भुताची ओळ वाचली नाही. "रात्री काय, दोरीवर वाळत घातलेला पंचासुद्धा घाबरवतो," म्हणायचे. "दुपारी तीनला, लख्ख उन्हात घाबरवून दाखव म्हणावं, मग तू लेखक."

मी दुपारी मागच्या पडवीत विळी घेऊन बसायचे. आजूबाजूच्या चार घरांचे मासे साफ करून द्यायचे, कोणाची कोवळ्या फणसाची कुयरी, कोणाचा सुरण चिरून द्यायचे. ते खुर्ची आणून बसायचे आणि मोठ्याने वाचायचे, डेपोत गाडी पुकारावी तसं. मला कोणी विचारलं नव्हतं की ऐकायचंय का. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की, वाचता वाचता ते माझ्या हाताकडे बघतात. विळी चालू राहिली की गोष्ट घाबरवत नाही, अशी वहीत खूण करतात. म्हणजे मी त्यांचं घड्याळ झाले होते. मला न सांगता.

"कंट्रोलर, माझ्या विळीवरून लिहिता, माझं नाव कुठे आहे त्यात?" मी एकदा विचारलं.

"गाडीवर ड्रायव्हरचं नाव लिहितात काय?"

"मी ड्रायव्हर तर नाहीच. मी रस्ता. तुम्ही नुसते चालवताय वरून."

ते हसले नाहीत. मी आधीच सांगितलंय, तीनदाच हसले.

एकदा एका गोष्टीला विळी थांबली. त्यांनी तसं छापलं. त्या लेखकाला कुठलासा पुरस्कारही मिळाला नंतर. खरं काय तर, मांजराने माझ्या टोपलीतला बांगडा उचलला होता आणि मी त्याच्यावर डोळे रोखून बसले होते. मी सांगितलं. कंट्रोलरांचा चेहरा उतरला, पण म्हणाले, "छापलेलं मी परत घेत नाही. गाडी सुटली की सुटली." तो त्यांचा नियम होता. आयुष्यात एकदाही त्यांनी छापलेला शब्द परत घेतला नव्हता, आणि याचा त्यांना अभिमान होता. मला तेव्हाही तो आडमुठेपणाच वाटला.

त्या पुस्तकांविषयी माझंही एक मत होतं, आणि ते मी बोलून दाखवायचे. बाप्या मेला तर त्याचा मुंजा होतो, समंध होतो, आणि तो आपला झाडावर बसून राहतो. बाई मेली की तिला हिरवी साडी नेसवायची, केस सोडायचे, पावलं उलटी करायची आणि रस्त्यात उभी करायची, येणाऱ्याजाणाऱ्याला धरायला. जिवंतपणी जिला उंबऱ्याबाहेर पडू दिलं नाही, तिला मेल्यावर रात्रभर हिंडवायचं.

"हे लिहू काय?" त्यांनी विचारलं.

"लिहा की."

लिहिलं. माझ्या नावाशिवाय. वाचनालयाच्या अंकात त्या वाक्याला 'त्यांची स्त्रीविषयक कणव' म्हटलंय. कणव! त्यांनी मला एकोणीस वर्षांत चहा विचारला नाही.

मग ते वडाप आलं. कोकणातल्या भुतांच्या गोष्टी, बारा लेखक. दोन दुपारी विळी चालूच होती. तिसऱ्या दुपारी मी हाताला तेल लावून कुयरी चिरत होते आणि ते सातवी गोष्ट वाचत होते. अमावस्येची रात्र. गावाबाहेरचा पऱ्या, म्हणजे ओढा, त्याच्या कडेला काळा कातळ. कातळावर एक डोली ठेवलेली, बांबूला घोंगडी बांधून केलेली. आत हिरव्या साडीतली बाई, पोट वर आलेलं. वाटेने जो पुरुष जाईल त्याला ती हाक मारते, "मला सावलीत तरी ठेवा रे. ऊन लागतंय." जो थांबतो, तो सकाळी कातळावर मेलेला सापडतो.

कंट्रोलरांनी पुस्तक मांडीवर आपटलं. "अमावस्या लिहितो आणि ऊन लागतंय म्हणतो! ह्याला दिवस-रात्र कळत नाही आणि हा निघाला..."

बोलता बोलता त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझा हात कुयरीवर होता. विळी थांबली होती.

"काय वहिनी, थांबली?"

मी उठले, हात पुसले आणि आत जाऊन कडी घातली.

ते दोन दिवस खुशीत होते. परीक्षण लिहून, स्वतः जाऊन टपालात टाकून आले. ते छापून आल्यावर साप्ताहिक घेऊन माझ्या दारात उभे राहिले आणि तिथेच वाचून दाखवलं. 'अमावस्येच्या रात्री भूत म्हणतं, ऊन लागतंय. मला ती चूक वाटली. पण विळी थांबली. या वडापातून हा एकच उतारू घ्या.'

"भूत नाही ती," मी म्हटलं. "माझी बहीण आहे."

त्यांनी साप्ताहिक मिटलं. मग म्हणाले, "आधी सांगायचं."

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही विळीकडे बघत होतात."

त्यांनी खुर्ची ओढली. मी बसले नाही, उभ्यानेच सांगितलं.

आमचं गाव राजापूरच्या आतल्या बाजूला. माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. शिमग्याचे दिवस. दोन दिवस कळा देऊनही सुटका होईना, तेव्हा सुईण म्हणाली, राजापूरला न्या. रस्ता दूर होता. बाबांनी आणि काकांनी डोली बांधली आणि दोघांनीच उचलली, कारण बाकीचे बाप्ये सहाणेवर होते. आमच्याकडे गावभर फिरताना पालखी जिथे टेकवतात तो चौथरा म्हणजे सहाण. कातळावर आल्यावर काकांचा पाय मुरगळला. बाबांनी मला पिटाळलं, चार माणसं बोलाव. मी दहा वर्षांची होते. धावत गेले. ढोल वाजत होते, पण मी अगदी जवळ जाऊन सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "पालखी उठली आता. बाळंतिणीचा विटाळ नको. तू हो पुढे, येतो मागून."

मी परत कातळावर आले. तिथे झाड नाही. बहीण म्हणत होती, "बाबा, मला सावलीत तरी ठेवा. ऊन लागतंय." बाबा पंचा धरून उभे होते तिच्यावर. पालखी फिरवून माणसं त्या वाटेने आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि ती गेली होती.

मग मात्र सगळे धावले. बाळंतीण मेली की ती परत येते म्हणतात, म्हणून वाटेवर नाचणी उधळायला अख्खी वाडी आली. उंबऱ्याला खिळा मारायला तर दोघे भांडले, मी मारतो, मी मारतो. डोलीला चार खांदे नव्हते.

आणि गावात काय बोललं गेलं? "पोरगी निरोप घेऊन आलीच नाही. वाटेत कैऱ्या पाडत बसली असेल." सहाणेवरच्या सगळ्यांनी एकमुखाने तेच सांगितलं. माझ्या आईने ते खरं धरलं. मरेपर्यंत तिने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. त्याच वर्षी माझी शाळा सुटली आणि मला रत्नागिरीला एका घरी कामाला पाठवलं. साठाहून जास्त वर्षं झाली, त्या गावात अजून मी कैऱ्या पाडणारी पोरगी आहे.

"आता हे बघा," मी त्यांना म्हटलं. "कातळावर ती काय म्हणाली ते तिघांनीच ऐकलं. बाबा, काका आणि मी. दोघे गेले, आणि दोघांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही. मी पण नाही. मग या लेखकाला कसं कळलं? पुस्तकामागे बापाच्या नावासकट त्याचं गाव छापलंय, आमचंच आहे. त्याचा बाप पालखीचा खांदेकरी होता. म्हणजे तो बाप कातळाआधीच्या वळणापर्यंत आला, त्याने ऐकलं आणि तो परत गेला. निरोप पोचल्याशिवाय तो आला कशाला?"

दुसरा कोणी असता तर हळहळला असता. कंट्रोलर आत गेले आणि ती लांब वही घेऊन आले.

"पालखी सहाणेवरून कधी उठते?"

"तीनला. अजूनही तीनलाच उठते."

"कातळ ते सहाण चाल किती?"

"पोराच्या धावत्या पायाने दहा मिनिटं असतील."

"म्हणजे निरोप तीनच्या सुमाराला. आणि दिवस मावळतीला माणसं आली." लिहून घेतलं. मग पेन बंद केलं. "पण गोष्ट हा पुरावा होत नाही, वहिनी."

"तर मग विळी घाबरून थांबली हे तरी परत घ्या."

"छापलेलं मी..."

"मांजराच्या वेळेला ते चाललं," मी म्हटलं आणि दार लावलं.

त्यानंतर मी पडवीत बसणं सोडलं. मासे पुढच्या नळावर साफ करायला लागले. तीन वाजले की त्यांचा आवाज यायचा. माणूस रिकाम्या पडवीत खुर्ची टाकून एकटा मोठ्याने भुताची गोष्ट वाचतोय! मला ऐकू जावं म्हणूनच ते. मी गेले नाही. परीक्षणं विळीशिवाय छापून यायला लागली. वाचकांनी पत्रं पाठवली, विळी कुठे गेली? चांगली जिरली म्हटलं.

त्या वडापाची दुसरी आवृत्ती निघाली. मुखपृष्ठावर हे एवढ्या मोठ्या अक्षरात, विळी थांबली. वाचनालयाने त्या सातव्या गोष्टीच्या लेखकाचा सत्कार ठरवला आणि बोलायला कंट्रोलरांना बोलावलं. आदल्या दिवशी ते माझ्या दाराशी आले.

"उद्या चार वाजता. दुसऱ्या रांगेत बसा. मागे ऐकू येत नाही."

"मी कशाला येऊ? माझ्या बहिणीला हार घालतायत काय?"

"चौकशी आहे," ते म्हणाले आणि गेले.

लेखक पन्नाशीचा, मुंबईत नोकरी करणारा, बोलायला गोड. गूढ कोकण, लाल मातीतली भीती, असलं बराच वेळ बोलला. मग कंट्रोलर उठले. हातात लांब वही.

"एक विचारायचं आहे. अमावस्येच्या रात्री ऊन कसलं?"

लोक हसले. लेखकही हसला. "तुम्हीच तर लिहिलंत, चूक वाटली तरी विळी थांबली म्हणून."

"मी विचारतोय. ते वाक्य तुमचं आहे काय?"

"नाही, तसं ते... बाबांचं." त्याचं हसू कमी झालं. "शेवटच्या दुखण्यात दुपार झाली की म्हणायचे, तिला सावलीत ठेवा रे, ऊन लागतंय म्हणते ती. आम्हाला वाटायचं, भ्रम झालाय. मी त्यावर गोष्ट रचली."

"बाबांनी कुठून ऐकलं?"

"वळणावरून म्हणायचे. वळणापर्यंत गेलो होतो, म्हणायचे."

"आणि वळणापर्यंत कशाला गेले होते? पालखी सोडून?"

हे त्याने कधी स्वतःला विचारलं नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग हळू म्हणाला, "कोणीतरी पोरगी बोलवायला आली होती, म्हणायचे. धापा टाकत."

माझ्या शेजारची बाई वारा घेत होती. मला तिचा पंखा हिसकून फेकावासा वाटला.

कंट्रोलरांनी वही उघडली आणि डेपोत पुकारायचे त्या आवाजात सुरू केलं. "लक्ष द्या. शिमग्याचा दिवस. निरोप तीनच्या सुमाराला सहाणेवर पोचला. निरोप आणणारी मुलगी वेळेत आली होती. माणसं जागेवर हजर होती. डोली उचलली नाही."

मागे कोणीतरी हसलं. एका सभासदाने पुढे होऊन त्यांचा दंड धरला, "काका, बसा, पाणी घ्या." दुसऱ्याने माईक बंद केला. बंद करून काय होणार? सहा गाड्या एकदम सुरू असताना ज्याचा आवाज सगळ्या डेपोला ऐकू जायचा, त्याला माईक कशाला हवा? त्यांनी दंड सोडवून घेतला. "विळी थांबली ती भीती म्हणून, असं मी छापलं. चूक माझी. छापलेलं परत घेतो."

आणि बसले. पाणी प्यायले नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर लेखक माझ्याजवळ आला. कोणी सांगितलं कोण जाणे. "मावशी, ती मुलगी तुम्ही काय?"

"होय."

"मी काय करू आता?"

"अमावस्या काढ. दुपार लिही. आणि तिला नाव होतं, शेवंता. ते घाल."

त्याने मान डोलावली. तिसरी आवृत्ती अजून आलेली नाही. आल्यावर बघू.

घरी येताना कंट्रोलर वही काखेत धरून पुढे चालत होते. मी आभार मानले नाहीत. खरं बोलल्याचे आभार कसले मानायचे? दुसऱ्या दिवशी तीनला मी मागच्या पडवीत विळी घेऊन बसले. त्यांनी खुर्ची आणली, पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर शेवटची एसटी ओसाड फाट्यावर थांबली, आणि ते इतके संतापले की पुढचं पान उलटायलाच विसरले. पुढच्या पावसाळ्यानंतर ते गेले.

वाचनालयाला मी हे पाठवतेय. प्रेमळ म्हणायचं तर म्हणा, निर्मळ हसू ठेवायचं तर ठेवा, मला त्याचं काही नाही. शेवटचं पान तेवढं बदला. त्या दिवशी त्यांनी सांगितलं ते असंबद्ध नव्हतं. त्यांनी वेळ सांगितली होती. शेवंताची बहीण वेळेत आली होती.